पावसाचा खाडा

नागपुरातल्या एका परिचितांच्या घरी फ्रिजशेजारी कॅलेंडर टांगलेलं होतं. जुलैचं पान होतं. एका चौकोनात घरातल्या मुलाने लाल स्केचपेनने मोठ्या आनंदात लिहिलं होतं, ‘शाळेला सुट्टी’. त्याच चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या आईने निळ्या पेनाने फुली मारली होती. ती फुली कामवाल्या बाईंच्या खाड्याची. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि बाईंचे खाडे, सगळं त्या एकाच पानावर असतं.

घर चांगलं आहे. बाईंना रोज चहा मिळतो, दिवाळीला महिन्याचा पगार जास्तीचा मिळतो. पण ज्या पावसात जिल्हाधिकाऱ्यांनी मुलांना घराबाहेर काढू नका म्हणून आदेश काढला, त्याच पावसात आल्या नाहीत म्हणून बाईंचे पैसे कापले गेले, आणि हे त्या घरात कोणाला खटकलं नव्हतं. मला मात्र तो चौकोन दिवसभर सुचू देईना. म्हणून बाईंना विचारून, पुढच्या जोरदार पावसाच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर कामावर चालत निघाले.

त्यांचं नाव इथे देत नाही. नाव छापलं तर घर सुटू शकतं, आणि एक घर सुटलं की नवीन लागायला महिना-दोन महिने जातात.

बाई रामेश्वरीच्या बाजूच्या एका वस्तीत राहतात आणि वर्धा रोडकडच्या वसाहतीत चार घरं करतात. एका घरी भांडे-कपडे आणि झाडू-पोछा मिळून २,००० रुपये, दुसऱ्या घरी १,८००, तिसऱ्या घरी १,५०० आणि चौथ्या घरी नुसत्या भांड्यांचे १,२००. महिन्याचे ६,५०० झाले. याला तीसने भागायचं काम त्यांच्या दहावीतल्या मुलीने मोबाइलवर करून ठेवलंय, आणि आता तो आकडा त्यांना पाठ आहे. “पाण्याचा एक दिवस म्हंजे दोनशे सोळा रुपये, ताई,” त्या निघतानाच म्हणाल्या. विदर्भात पावसाला पाणीच म्हणतात. पाणी येते, पाणी लागते, आणि चार-चार दिवस थांबलं नाही की झड लागते.

झडीतला त्यांचा रस्ता वेगळा असतो. एरवी त्या नरेंद्रनगरच्या रेल्वेखालच्या पुलातून जातात. पण नागपुरात जरा जोराचा पाऊस झाला की सगळ्यात आधी जिथे पाणी साचतं, त्या ठिकाणांत हा पूल हमखास असतो. त्या सकाळीही खाली तपकिरी पाणी भरलं होतं, एक मोपेड अर्धी बुडालेली होती, आणि डिझेल व गटाराचा मिसळलेला वास वरच्या रस्त्यापर्यंत येत होता. मग उड्डाणपुलावरून जायचं. तिथे ट्रक आणि बस अंगाला चाटून जातात, आणि प्रत्येक गाडी रस्त्यावरचं पाणी कमरेपर्यंत उडवते. बाईंनी डोक्यावरून प्लॅस्टिकची बरसाती घेतली होती आणि चपला हातात. चपला का काढल्या, विचारलं. म्हणाल्या, “पाण्यात चप्पल तुटली तं शंभर रुपये गेले. पाय धुता येते.”

पुलावर आमच्या पुढे-मागे आणखी बायका होत्या, तशाच बरसात्या, तशाच हातात चपला. ओळखीच्या दोघींनी नुसती मान हलवली. बोलायला उसंत नव्हती, कारण साडेसातपासून फोन वाजायला लागले होते. “येऊन राहिल्या ना?” एवढंच विचारायचं असतं. फोन उचलला नाही की घरमालकीण खाडा धरून चालते, म्हणून भिजत, बरसातीच्या आत हात घालून, तो उचलावा लागतो.

पहिल्या घरी पोचल्यावर जे पाहिलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. बाई सरळ आत गेल्या नाहीत. जिन्याच्या वळणावर थांबल्या, पदर पिळला, साडीचे काठ पिळले. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कोरडं फडकं काढलं आणि पायरीवर बसून पाय पुसले, बोटाबोटांमधून. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. पांढरी, भिजून सुजलेली कातडी, मध्ये लाल चीर, आणि त्यावर आदल्या रात्री लावलेल्या मेंदीचा विटकरी डाग. पावसाळाभर पाय ओले राहतात. वाटेत ओले आणि कामावरही ओले, कारण धुणं-भांडी म्हणजे पुन्हा पाणीच. मेंदीने थोडा आराम पडतो. मग त्या आत गेल्या आणि सगळ्यात आधी दारापासून मोरीपर्यंत उमटलेली स्वतःची ओली पावलं पुसली. कोणी सांगितलं नव्हतं. “दिसलं तं बोलतेत ना,” हळू आवाजात म्हणाल्या. त्यानंतरचं काम रोजचंच: भांडी, केर, फरशी, मशीनमधले कपडे गॅलरीत. तासाभरात दुसरं घर.

खाड्याचे नियम प्रत्येक घरी वेगळे आणि कुठेही लिहिलेले नाहीत. एका घरी महिन्याला दोन खाडे माफ. दुसऱ्या घरी दोनच, पण आधी सांगितलं तर. आणि पाऊस काही आधी सांगून येत नाही. तिसऱ्या घरी एकही माफ नाही. चौथ्या घरच्या आजी सहसा कापत नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची भांडी घासायची. घरमालक पंधरा दिवस गावाला गेले तर त्या पंधरा दिवसांचे पैसे द्यायचे की नाहीत, हेही त्या-त्या घराच्या मनावर. बाईंनी खाडा केला तर हिशेब पक्का. घराने सुट्टी घेतली तर हिशेब ढिला. सगळे खाडे सगळीकडे कापले गेले तर दोनशे सोळा. काही माफ झाले तर थोडे कमी. पण किती कमी, हे महिनाअखेर हातात पैसे पडेपर्यंत त्यांना कळत नाही.

वाटेत त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली. बहीण नाग नदीच्या काठच्या वस्तीत राहते. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. गणपतीचे दिवस होते. मध्यरात्रीनंतर काही तासांतच १०० मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळला, १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. मोरभवन स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. लोकांना बाहेर काढायला लष्कर, एनडीआरएफ आणि एसडीआरएफची पथकं आली. शाळांना सुट्टी दिली गेली. पाणी शिरलेल्या प्रत्येक घराला सरकारने १०,००० रुपयांची मदत जाहीर केली. पण मदतीसाठी पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला घरी माणूस हवं. बहीण घरातला गाळ उपसत आणि तलाठ्याची वाट पाहत थांबली. ती जिथे काम करते त्या घरातही पाणी शिरलं होतं, आणि तिथला गाळ काढायला तिची वाट पाहत होते. ती तिसऱ्या दिवशी गेली. महिनाअखेरीला दोन दिवसांचे पैसे कापलेले होते. बाई एवढंच म्हणाल्या, “पहिले स्वताचं घर धुतलं, त्याचे कापले.”

हे ऐकल्यावर मी कायदा काय म्हणतो ते वाचायला घेतलं. वाचता वाचता लक्षात आलं की आपल्या कायद्याला वाईट हवामान चांगलं माहीत आहे. त्याला फक्त बाई माहीत नाहीत. बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना नैसर्गिक आपत्तीमुळे काम देऊ शकला नाही, तर तो ‘ले-ऑफ’ ठरतो. वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला अशा वेळी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती ठेवली आहे. कामगारच गैरहजर राहिला तर किती कापायचं, याचीही मर्यादा १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस अ‍ॅक्टने घातली होती: जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात. शाळेला सुट्टी देणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघतो, आणि त्या दिवशीचा शिक्षकांचा पगार कोणी कापत नाही. तो कापू नयेच.

बाईंचं कामाचं ठिकाण म्हणजे लोकांची घरं, आणि घराला कायदा आस्थापना मानत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २००८ साली वेगळा कायदा केला, घरेलू कामगार कल्याण मंडळाचा. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांनी नोंदणी करायची आणि मंडळाने कल्याणाच्या योजना राबवायच्या, अशी त्याची रचना. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, नोंदणी असलेल्यांसाठी १,५०० रुपये जाहीर झाले ते याच नोंदणीच्या आधारावर. हे मोलाचं आहे. पण मजुरी किती, आठवड्याची सुट्टी कोणती आणि खाडा कधी कापायचा नाही, यावर तो कायदा बोलत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून तो स्वतःला लागू करून घेतलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्र सरकारला सांगितलं.

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. डॉ. रूपा कुलकर्णी यांनी उभ्या केलेल्या विदर्भ मोलकरीण संघटनेने गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच मोलकरणींना याच शहरात एकत्र आणलं आणि घरातलं काम हेही कामगाराचं काम आहे, हे मांडलं. एवढी वर्षं झाली, तरी पावसाच्या दिवसाचं काय, ते अजून फ्रिजशेजारच्या पेनावरच ठरतं.

त्या पेनाची बाजूही ऐकली पाहिजे. ज्यांच्या घरी मी ते कॅलेंडर पाहिलं, त्या स्वतः खासगी कंपनीत नोकरी करतात. त्या दिवशी कार्यालय चालू होतं. मुलाची शाळा बंद, बाई नाहीत. त्यांना रजा टाकावी लागली. “माझी रजा गेली, मग त्यांचा दिवस कसा भरू?” असं त्यांनी मला विचारलं. प्रश्न खरा आहे. पावसाचा भार वरून खाली असाच ढकलला जातो: कंपनी त्यांच्यावर टाकते, त्या बाईंवर टाकतात. बाईंच्या खाली कोणी नाही. पण त्यांची गेली ती शिलकीतली रजा, आणि बाईंचं गेलं ते त्या आठवड्याचं तेल आणि डाळ. ही दोन नुकसानं सारखी मानायला माझं मन तयार नाही.

हा भार एकट्या माणसावर पडू द्यायचा नाही, असं काही ठिकाणी आता ठरवलं गेलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागात महापुराने दोनशेहून अधिक जीव घेतले. त्यातले काही तर त्या दिवशी कामावर होते किंवा कामावरून परतत होते. महिन्याभरात स्पेन सरकारने कायदा केला: हवामानामुळे प्रशासनाने प्रवासावर बंधनं घातली असतील आणि कामावर पोचणं शक्य नसेल, तर चार दिवसांपर्यंत पगारी रजा. आपल्याकडे ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांत उन्हासाठी वेगळी वाट काढली. २०२४ मध्ये तापमान ठरलेल्या रेषेच्या वर गेल्यावर सभासद बायकांच्या खात्यात ४०० रुपये जमा झाले. अर्ज नाही, पंचनामा नाही. तापमापकाचा आकडाच पुरावा. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेल्यावर जिथे याच उड्डाणपुलावरून अनवाणी चालता येत नाही, त्या नागपूरला ही कल्पना समजायला अवघड जाऊ नये.

पावसासाठी असाच पुरावा आपल्याकडे तयार आहे. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्ह्याला रेड अलर्ट देतं. जिल्हाधिकारी सुट्टीचा आदेश काढतात. दोन्ही गोष्टी आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी प्रत्येक फोनवर पोचतात. ज्या दिवशी हा आदेश निघेल, त्या दिवशी घरकामाचा खाडा धरायचा नाही, एवढा एकच नियम कल्याण मंडळाने छापून नोंदणीच्या पुस्तिकेत घातला, तरी जिन्यावर पाय पुसणाऱ्या बाईंना घरी थांबायचं की नाही हे ठरवता येईल. असे दिवस वर्षात मोजकेच येतात.

आणि कायद्याची वाट न पाहताही हे करता येतं. बाईंचा दिवस चार घरांत वाटलेला आहे. २,००० देणाऱ्या घराला त्या दिवसाचे ६७ रुपये पडतात, १,८०० देणाऱ्याला ६०, १,५०० देणाऱ्याला ५०, आणि आजींच्या घराला ४०. चार घरांना हे पैसे जाणवणारही नाहीत. बाईंच्या एका घराला ते दोनशे सोळा होऊन जाणवतात. मी हा हिशेब कॅलेंडरवाल्या घरी मांडला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि बाईंना फोन लावला: शाळेला सुट्टी असेल त्या पावसात येऊ नका, कापणार नाही. बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

बाकी तीन घरं अजून आहेत, आणि शहरात अशी घरं मोजता येणार नाहीत इतकी. हे बोलणं पाऊस लागल्यावर फोनवर करण्यासारखं नाही. ते जून लागायच्या आत, समोर बसून, बाईंनी मागायची वाट न पाहता, आपण होऊन केलं पाहिजे. मागितलं तर घर सुटेल ही भीती त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे तशी कोणतीच भीती नाही. म्हणून सुरुवात आपण करायची.