एका 'अ'ची किंमत

नोकरीसाठी दोन अर्ज आले आहेत, असे समजा. दोघांनाही लिहायचे आहे, की मला या कामाचा थोडा अनुभव आहे. पहिला लिहितो, 'आय हॅव अ लिटल एक्स्पीरिअन्स.' दुसरा लिहितो, 'आय हॅव लिटल एक्स्पीरिअन्स.' फरक फक्त एका लहानशा 'अ'चा. पण दुसरा अर्ज वाचणाऱ्याला काय कळते? या माणसाला अनुभव जवळजवळ नाहीच! बिचाऱ्याने आपल्याच हाताने आपले नुकसान करून घेतले.

मुलांनो, ही चूक आपल्याकडे फार होते. उर्दूत किंवा मराठीत नामाच्या आधी असा 'अ' लावण्याची पद्धतच नाही. त्यामुळे तो गळाला तरी आपल्या कानाला खटकत नाही. शिवाय मराठीत शब्दाच्या आधी 'अ' आला, की अर्थ बहुधा नकारी होतो; जसे शक्य, अशक्य. इंग्रजीतील हा 'अ' मात्र येथे उलट काम करतो. 'जवळजवळ नाही' असे सांगणाऱ्या शब्दाला तो 'थोडे तरी आहे' असे म्हणायला लावतो.

मग हा फरक ध्यानात कसा ठेवायचा? त्याची किल्ली तुमच्याच भाषेत आहे. उर्दूत तुम्ही म्हणता, 'कुछ लोग आए' आणि 'कम ही लोग आए.' माणसे दोन्ही वेळी दहाच आली असतील. पण पहिल्या वाक्यात आलेल्यांकडे लक्ष आहे. दुसऱ्यात न आलेल्यांची खंत आहे. मराठीत आपण 'काही लोक आले' आणि 'थोडेच लोक आले' असे म्हणतो. इंग्रजीत 'अ फ्यू' म्हणजे काही आणि नुसते 'फ्यू' म्हणजे थोडेच. (जाता जाता एक गोष्ट सांगतो. उर्दूतील 'ही' म्हणजे मराठीतील 'च', आणि मराठीतील 'ही' म्हणजे उर्दूतील 'भी'. 'मीच येतो' आणि 'मीही येतो' यांत घोटाळा करू नका.)

'फ्यू' आणि 'मेनी' हे शब्द मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी वापरतात : मित्र, पुस्तके, दिवस. पाणी, वेळ, आशा यांच्यासाठी 'लिटल' आणि 'मच'. पण काय मोजता येते, हे इंग्रजी स्वतःच ठरवते. आपल्याला विचारत नाही! उर्दूत 'मालूमात' हा शब्द अनेकवचनी आहे, मराठीत 'माहिती' एकवचनी. इंग्रजी येथे मराठीच्या बाजूला आहे, म्हणून 'मेनी इन्फर्मेशन्स' असे लिहू नका. 'न्यूज' तर दिसायला अनेकवचनी. पण त्याच्यापुढे 'इज' येते, 'आर' नाही. 'फर्निचर' आणि 'अडव्हाइस' हेही न मोजण्याचेच शब्द.

आता ही दोन वाक्ये पाहा. अम्मी म्हणते, 'टाकीत थोडे पाणी आहे, भांडी घासून घे.' दुसऱ्या दिवशी ती म्हणते, 'टाकीत थोडेच पाणी आहे, भांडी राहू दे.' इंग्रजीत लिहिताना कोणत्या दिवशी 'अ' लावाल?