इमारतीचा नकाशा व बिनतारी लाटा

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर अंगास, पैनगंगेच्या अलीकडे, हदगांव हें तालुक्याचें ठिकाण आहे. नदी ओलांडली कीं उमरखेडचा तालुका, म्हणजे वऱ्हाडचा मुलूख लागतो. प्रस्तुत विषयाशीं या गांवाचा संबंध इतकाच कीं, मराठवाड्यांतील तालुक्याच्या गांवांत तीन पिढ्यांचें बांधकाम शेजारीं शेजारीं उभें असलेलें दिसतें. दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती व वर माळवद असा जुना वाडा; त्यानंतरची, विटांची व पत्र्याच्या छपराची खोल्यांची रांग; आणि अलीकडचें, लोखंड व सिमेंट यांचें दुमजली-तिमजली काम. मनुष्य या तिन्हींत सुखानें राहतो. बिनतारी लाटेस मात्र हीं तीन घरें म्हणजे तीन निराळे मुलूख होत.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां घराच्या भिंतींची चिंता करण्याचें कारण फारसें नव्हतें. मध्यम लहरींच्या पट्ट्यांत एका सेकंदास दहा लक्ष कंपनें असलेल्या लाटेची लांबी ३०० मीटर भरते. एवढी दीर्घ लाट घरास वळसा घालून पलीकडे जाते. आजच्या कचेऱ्यांतून, महाविद्यालयांतून व रुग्णालयांतून जें वाय-फायचें जाळें पसरलें आहे, त्याच्या लाटा एका पट्ट्यांत सुमारें साडेबारा सेंटिमीटर व दुसऱ्यांत पांच-सहा सेंटिमीटर एवढ्याच असतात. वीतभरहि लांबी नसलेल्या लाटेस भिंत, कपाट, पाण्याची टाकी, किंबहुना माणसांची गर्दीदेखील अडथळा होते.

अशा लाटा भिंतींतून जातच नाहींत असें मात्र नव्हे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें याहूनहि आखूड लाटा भिंतींपलीकडे धाडून तेथील घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. लाट पलीकडे जाते कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हांच निकालांत निघाला. आज विचारावयाचें तें एवढेंच कीं, पलीकडे गेल्यावर ती कितीशी उरते.

याचें उत्तर डेसिबेल या मापानें देतात. तीन डेसिबेल घट म्हणजे शक्ति निम्मी उरली. दहा घट म्हणजे दहावा हिस्सा उरला. वीस म्हणजे शंभरावा. योजना करणारे लोक पातळ पडदीस साधारण तीन, विटांच्या भिंतीस दहा व काँक्रीटच्या भिंतीस बारा वा त्याहून अधिक डेसिबेल धरतात. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें तर सहा डेसिबेल जातात. तेव्हां विटांच्या दोन भिंती आड आल्या कीं शक्तीचा शंभरावा भाग हातीं लागतो. मग यंत्र कितीहि किमतीचें असो. बोलणें अडखळूं नये यासाठीं उणे ६७ ही पातळी बहुधा किमान धरतात. ती एक मिलिवॅटचा सुमारें पन्नास लाखावा भाग होय. इतक्या अल्प शक्तीवर आधुनिक यंत्रें काम करतात, हें नवलच. पण त्याखालीं उतरल्यावर त्यांचा नाइलाज होतो.

हा हिशेब एकेका खोलीसाठीं हातानें करणें कंटाळवाणें असल्यामुळें तो संगणकाकडे सोंपविला जातो. येथें दोन भिन्न प्रणाली भेटतात. एक जाळें चालविणारी: कोणतें यंत्र कोणत्या मजल्यावर, कोणत्या कोपऱ्यांत आहे, तें चालू आहे कीं बंद, याची ती नोंद ठेवते. सिस्को कंपनीच्या व्यवस्थापक प्रणाली या प्रकारच्या. दुसरी योजना आंखणारी: लाट कोठवर पोहोंचेल हें ती रंगांनीं नकाशावर दाखविते. फिनलंडमध्यें उदय पावलेली एकाहाऊ ही या प्रकारांत प्रसिद्ध आहे. पहिलीजवळ नकाशे तयार असतात; दुसरीस ते हवे असतात. म्हणून पहिलींतून सर्व मजल्यांचें गाठोडें बांधून दुसरींत उतरवितात. त्यांत मजल्याचें चित्र, त्याची लांबी-रुंदी व यंत्रांच्या जागा असतात. काम दहा मिनिटांचें, आणि म्हणूनच फसवें. गाठोडें सुटलें, चित्र पडद्यावर दिसूं लागलें, कीं पाहणारास सर्व कांहीं आलें असें वाटतें.

पहिली फसगत मापाची. समजा, एका शिक्षणसंस्थेची इमारत १८० फूट लांब व ७२ फूट रुंद आहे. आपल्याकडील कारागीर व जुने नकाशे फुटांत बोलतात. प्रणाली मीटर धरून बसलेली असते. १८० हा आंकडा तिनें मीटर म्हणून घेतला, तर इमारत लांबी-रुंदीनें सव्वातीन पटींहून थोडी अधिक व क्षेत्रफळानें पावणेअकरा पट होते. जेथें आठ यंत्रें पुरावीं तेथें ऐंशींहून अधिक सुचविलीं जातात. संस्थेचा पैसा तर जातोच, शिवाय इतकीं यंत्रें एकमेकांच्या आवाजांत आवाज मिसळून गोंधळ माजवितात. उलट ५५ मीटरांची इमारत ५५ फूट समजली गेली, तर यंत्रें अगदींच थोडीं बसतात व टोंकाच्या वर्गांत शुकशुकाट होतो. पहिली चूक देयकावर दिसते; दुसरी परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशीं दिसते.

म्हणून गाठोडें उतरल्यावर पहिलें काम म्हणजे एक अंतर प्रत्यक्ष टेपनें मोजून नकाशाशीं ताडणें. तें अंतर शक्य तितकें लांब असावें. चार फुटांचा दरवाजा आधारास घेतला व खूण करतांना दोन इंचांची चूक झाली, तर ती चोविसावा हिस्सा होते व १८० फुटांत साडेसात फूट चुकतात. तीच दोन इंचांची चूक १५० फुटांच्या व्हरांड्यावर झाली तर नऊशेंवा हिस्सा, म्हणजे नगण्य. भूमापनाच्या जाणत्यांस हें नवें नाहीं. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणींत कर्नल लॅम्बटन यांनीं १८१५ सालीं बीदरजवळ एक पायारेषा अतिशय जपून मोजली, कारण पुढील सर्व त्रिकोण तिच्यावर उभे राहावयाचे होते. १८२३ सालीं हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला तेव्हांहि मोजणी चालूच होती. मैलोगणती लांबीच्या पायारेषेस जो न्याय, तोच व्हरांड्यास.

दुसरी फसगत भिंतींची, आणि मराठवाड्यांत हीच अधिक महत्त्वाची. गाठोड्यांतून जें चित्र येतें, त्यांतील काळी रेघ ही मनुष्याच्या दृष्टीनें भिंत असते. प्रणालीच्या दृष्टीनें तो निव्वळ काळा रंग होय. ती रेघ विटांची कीं दगडाची, कीं खिडकीची कांच, हें चित्र सांगत नाहीं. ज्याच्याजवळ वास्तुविशारदाचा मूळ संगणकीय आराखडा आहे, त्याचें काम हलकें होतें. कारण त्यांत भिंती, दारें, खांब हीं निरनिराळ्या थरांत काढलेलीं असतात व प्रत्येक थरास द्रव्याचा गुण चिकटवितां येतो. परंतु आपल्याकडील जुन्या इमारतींचा असा आराखडा मिळणें दुर्मिळ. बहुधा पिवळ्या पडलेल्या कागदाचें छायाचित्र हेंच काय तें साधन. अशा वेळीं एकेक रेघ हातानें गिरवून तिचें द्रव्य सांगावें लागतें. तें न करितां जो रंगीत नकाशा निघतो, तो मोकळ्या माळावरील लाटांचा असतो, इमारतीचा नव्हे. तो देखणा मात्र असतो, हीच अडचण.

शिवाय बांधकाम बदलत गेलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचें ओझें हें त्या प्राणहानीचें एक मोठें कारण ठरलें, आणि पुनर्वसनांत तसल्या घरांऐवजीं सिमेंट-काँक्रीटचीं घरें आलीं. लाटेच्या दृष्टीनें पाहतां, भिंतीची जाडी घटली, पण पोटांत लोखंडाची जाळी आली. पत्र्याचें छप्पर तर लाटेस आरशासारखें परतवितें. म्हणून परदेशी प्रणालींतील तयार आंकडे दोन फुटी काळ्या दगडास लावणें धोक्याचें. त्यापेक्षां भिंतीच्या एका बाजूस यंत्र ठेवून, प्रथम मोकळ्यावर व मग भिंतीआड, तितक्याच अंतरावर मोजमाप घ्यावें. दोहोंतील फरक हाच त्या भिंतीचा खरा आंकडा. अर्ध्या तासाचें काम आहे.

मजल्यांविषयीं थोडेंसें. अमेरिकेंत ज्यास पहिला मजला म्हणतात तो आपला तळमजला होय. त्यामुळें गाठोडें उतरतांना एकेक मजला वर सरकल्याचे प्रकार घडतात. तसेंच एकावर एक मजले नीट बसावे म्हणून जिन्याचा एकच कोपरा प्रत्येक नकाशावर खूण करून जुळवावा लागतो. नाहीं तर खालच्या यंत्राची लाट वरच्या भलत्याच खोलींत गळतांना दिसते.

अशी कल्पना करूं कीं, तालुक्याच्या एका रुग्णालयांत जुना दगडी कक्ष, मधली पत्र्याची ओळ व नवें काँक्रीटचें बाळंतीण-दालन आहे, आणि रुग्णांचे कागद आतां बिनतारी जाळ्यावरून पाहिले जातात. योजना आंखणारा नांदेडास वा पुण्यास बसला आहे. त्याच्यापुढें केवळ चित्र आहे. त्यानें सर्व भिंती पातळ पडदी समजून दगडी कक्षाबाहेर व्हरांड्यांत एक यंत्र ठेविलें. नकाशावर कक्ष हिरवा दिसला. प्रत्यक्षांत परिचारिकेस रुग्णाची नोंद पाहण्यासाठीं दाराशीं यावें लागलें. रात्रीं, गर्दीच्या वेळीं, ही दाराशीं येण्याची फेरी लहान नव्हे. यंत्राची शक्ति वाढवून हा दोष जात नाहीं, कारण यंत्र मोठ्यानें बोललें तरी हातांतील लहान साधनास तितक्या मोठ्यानें उत्तर देतां येत नाहीं. यंत्र कक्षाच्या आंत नेणें हाच उपाय, आणि भिंतीचा खरा आंकडा दिला असता तर प्रणालीनेंच तो आधीं सुचविला असता.

आणखी एक गोष्ट बोलण्याच्या ओघांत राहून जाते. हें गाठोडें म्हणजे इमारतीचा संपूर्ण अंतर्भाग होय: तिजोरीची खोली कोठें, औषधांचें कोठार कोठें, पाळतीचे डोळे कोठें. ज्यास घराची किल्ली देणार नाहीं त्यास तें देऊं नये. आणि द्यावेंच लागलें तर कामापुरते मजले द्यावे.

यंत्रें बसल्यावर मोजणारानें साधन हातीं घेऊन प्रत्येक खोलींतून, दारें लावून, एकदां फिरावें. जेथें नकाशा व मोजमाप यांत मोठी तफावत पडेल तेथील भिंत पुन्हां तपासावी, सुधारलेला आंकडा योजनेंत भरावा, व यंत्रांच्या बदललेल्या जागा जाळें चालविणाऱ्या प्रणालींतहि नोंदवाव्या. पुढें एखादी भिंत पाडली, नवी पडदी घातली, किंवा व्हरांडा पत्र्यानें बंद केला, तर त्या दिवसाची तारीख नकाशाच्या कोपऱ्यांत लिहिलेली असावी.