कारच्या काचेवरचे पांढरे डाग पुसूनही का जात नाहीत?

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने गाडी धुतली, की काही दिवसांत काचांवर पांढुरके ठिपके दिसू लागतात. रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्यांवर पसरतो आणि रस्ता नीट दिसत नाही. त्यामुळे प्रश्न फक्त दिसण्याचा नाही, सुरक्षिततेचाही आहे.

डाग कशाचे?
जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात पाणी उडून जाते, क्षार काचेवर चिकटून राहतात. ते साबणाने निघत नाहीत, सौम्य आम्लात मात्र विरघळतात.

काय कराल?
• गाडी सावलीत लावा, काच थंड होऊ द्या आणि धूळ धुऊन टाका.
• पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या. त्यात भिजवलेले कापड डागांवर 5 मिनिटे ठेवा.
• हलक्या हाताने पुसा, स्वच्छ पाण्याने धुवा, मायक्रोफायबर कापडाने लगेच कोरडे करा.
• व्हिनेगर गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच धुवा.

काय टाळाल?
तारेची घासणी आणि टॉयलेट क्लीनर वापरू नका. काचेवर पडलेले चरे सहसा जात नाहीत.

तरीही डाग राहिले तर?
जुने डाग काचेत उतरलेले असू शकतात. त्यासाठी सिरियम ऑक्साइडचे पॉलिश लागते. पुढच्या काचेवर ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. आणि यापुढे गाडी धुतल्यावर काचा उन्हात वाळू देऊ नका, लगेच पुसा.