फोटोतलं इंजिन आणि मागची खिडकी

लग्नाच्या अल्बममधली माणसं ओळखायला घरात दहाजण पुढे सरसावतात. 'ही कोण, नगरची मावशी ना?' 'नाही गं, तिची जाऊ ती!' असं करता करता अख्खं घराणं ओळखून होतं. पण रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाच्या घरी फोटोंचा आणखी एक जुडगा असतो. त्यात इंजिनं असतात, सिग्नल असतात, ब्रेकव्हॅनच्या दाराशी उभे राहिलेले गणवेषातले चार पुरुष असतात. मागे ना नाव, ना गाव, ना तारीख. ज्याने फोटो काढले त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून त्याने लिहून ठेवलं नाही. तो गेला की मग कुणालाच काही ठाऊक नसतं, आणि जुडगा माळ्यावरून थेट रद्दीत जातो.

आमच्याकडचा जुडगा थोडक्यात वाचला. माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. या हुद्द्याला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण सासूबाईंना हे सांगितलं की त्यांना हसू येतं. कुर्डूवाडी, थोडे दिवस दौंड आणि मग निवृत्तीपर्यंत कर्जत अशी सासऱ्यांची नोकरी झाली. जवळ एक आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे. रोल महाग, त्यामुळे बारातले दोन-तीन घरच्यांचे आणि बाकीचे गाड्यांचे, असा त्यांचा हिशेब असे.

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, तीन महिन्यांत घर रिकामं करायचं ठरलं आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. आत १४३ फोटो निघाले. घरातले म्हणाले, "बाबांचे चार चांगले ठेवू या, बाकी नुसती इंजिनंच तर आहेत!" त्या इंजिनांबद्दल काही सांगू शकेल असं माणूस घरात एकच होतं. सासूबाई. वय वर्षं ८८, आणि डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे त्यांना समोरचं काही धड दिसत नाही.

मग आम्ही एक पद्धत ठरवली. दुपारी चहाच्या आधी मी एकेक फोटो हातात घेऊन त्यात काय दिसतंय ते मोठ्याने सांगायचं आणि त्यांनी प्रश्न विचारायचे. न दिसणाऱ्या माणसाला फोटो सांगायचा म्हणजे आपल्याला तो खरोखर बघावा लागतो, हे तेव्हा कळलं. 'एक इंजिन आहे' एवढ्यावर भागत नाही. "धूर आहे का?" "वर तारा आहेत का?" "रुळांमध्ये माणूस आडवा मावेल का?" प्रश्नांची फैर सुरू व्हायची.

त्यांचे हे प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होते, हे मला पुढे पुस्तकं चाळल्यावर समजलं. जाणकारही सुरुवात इथूनच करतात. आधी रुळांमधलं अंतर. ब्रॉडगेज साडेपाच फूट, मीटरगेज सव्वातीन फुटांच्या आसपास आणि कुर्डूवाडीची बार्शी लाइट अडीच फूट. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून अंदाज येतो. मग इंजिनावरची अक्षरं. पहिलं अक्षर रुळांचं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी. पुढे डी आलं तर डिझेल, सी आलं तर मुंबईकडची जुनी डीसी वीज. शेवटी पी म्हणजे प्रवासी गाडीचं, जी म्हणजे मालगाडीचं, एम म्हणजे दोन्हीचं. एवढी बाराखडी पाठ झाली की 'डब्ल्यूसीजी' वाचून कळतं: ब्रॉडगेज, डीसी, मालगाडी. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याइतकं सोपं आहे हे!

डब्यांवरूनही काळ ठरतो. आमच्या एका फोटोत डब्याच्या दाराशी रोमन तीनच्या तीन उभ्या रेघा आहेत. रेल्वेतून 'तिसरा वर्ग' हे नावच १९७४ मध्ये गेलं, तेव्हा फोटो त्याआधीचा. गाडी डेक्कन क्वीन आहे, हे सासूबाईंनी ती कुठे नि कशासाठी उभी आहे ते ऐकूनच सांगितलं. ती १ जून १९३० ला सुरू झाली खरी, पण तिला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते १९५५ च्या जूनमध्ये. म्हणजे फोटो १९५५ ते १९७४ मधला. पाट्यांचंही तसंच. 'व्हीटी'चं सीएसटी १९९६ मध्ये झालं आणि सीएसएमटी २०१७ मध्ये. पाटी दिसली की अर्धं काम झालं.

पण उरलेलं अर्धं काम इंजिन करत नाही. ते कसं होतं, ते सांगते.

कर्जतच्या फोटोंत एक विचित्र इंजिन पुन्हा पुन्हा येतं. मधे घरासारखी केबिन, पुढे-मागे दोन लांब सोंडा आणि चाकांना जोडणारे दांडे. मी वर्णन करत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, खेकडा तो!" हे डब्ल्यूसीजी-१. स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथल्या कारखान्याची घडण, १९२८ पासून आपल्याकडे आली, एकूण ४१. उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालताना दांड्यांची सळसळ, म्हणून रेल्वेवाल्यांनी नाव ठेवलं खेकडा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक जपून ठेवलंय. कर्जतहून खंडाळ्याचा घाट ३७ ला १ असा चढतो, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. सासूबाई सांगतात, "घाटातून मालगाडी उतरली की मांडणीतली भांडी वाजायची. पाहुणे दचकायचे. आम्ही हात लावून पातेलं धरायचो आणि बोलणं चालू."

आता गंमत बघा. ही इंजिनं १९२८ ला आली आणि त्यातली काही नव्वदच्या दशकापर्यंत शंटिंगला होती. म्हणजे 'फोटोत खेकडा आहे' यावरून साठ-पासष्ट वर्षांतलं कुठलंही साल निघतं. जाणकाराची विद्या इथे थांबते. सासूबाईंनी विचारलं, "मागे क्वार्टर दिसतंय? आपल्या खिडकीला जाळी आहे का?" मी भिंग लावून बघितलं. होती. "मग चौसष्टच्या पुढचा. धाकटा रांगायला लागला, खिडकीतून माकडं आत यायची, तेव्हा मी हटून जाळी बसवून घेतली. आणि अंगणात पपई आहे का? नाही? मग सदुसष्टच्या आतला. त्या साली पपई लावली." शंभर टनांच्या वरच्या त्या धुडाने जे सांगितलं नाही, ते खिडकीच्या जाळीने आणि पपईच्या झाडाने सांगितलं!

असे कितीतरी पुरावे निघाले. सासूबाई लग्नानंतर कुर्डूवाडीत नऊवारी नेसायच्या, कर्जतला आल्यावर पाचवारी नेसू लागल्या. म्हणून कोपऱ्यात त्या नऊवारीत दिसल्या की गाडी कुठलीही असो, फोटो कुर्डूवाडीचा. तिथल्या एका फोटोत छोट्या गाडीला वारकऱ्यांची तुडुंब गर्दी आहे. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने बांधली, १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, पुढे १९२७ पर्यंत एका बाजूने मिरजेला. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली. वारीच्या दिवसांत तिच्यावर किती भार पडे ते फोटोतच दिसतं. पण वारी कुठली? "डोक्यावर घोंगडी-इरली आहेत का? मग आषाढी. शाली नि कानटोप्या असतील तर कार्तिकी." इरली होती. नव्या शतकात ती अडीच फुटी लाइन टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. ते छोटे डबे, ती गर्दी आता अशा घरगुती फोटोंतच उरली आहे.

सासूबाईंचंही सगळंच बरोबर असतं असं नाही, आणि त्यांना तसा हट्टही नाही. एक फोटो त्यांनी कर्जतचा म्हणून सांगितला. पण त्यात रुळांवर तारा नाहीत, आणि पुण्याच्या लाइनवर विजेची गाडी १९३० च्या सुमारालाच आली होती. मी तसं म्हटल्यावर त्या जरा थांबल्या. "मग खोपोलीच्या फाट्याकडचा असेल, तिकडे बरीच वर्षं तारा नव्हत्या. नाहीतर दौंडचा." यादीत मी दोन्ही लिहिलं आणि पुढे 'खात्री नाही'. यादी करताना हा रकाना फार कामाचा आहे. अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहिला, तर पुढे कुणाला तरी तो दुरुस्त करता येतो.

पेटीच्या तळाशी एक दोनशे पानी वही होती. वर माझ्या यजमानांचं नाव. सुरुवातीला पाढे आणि भूगोल, आणि मागून उलटी सुरू केलेली पानंच्या पानं इंजिनांच्या नंबरांची: तारीख, वेळ, नंबर, 'पुढे एक, मागे दोन'. इंग्लंडमध्ये हा छंद मोठा. इयन ॲलन याने १९४२ मध्ये इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका काढली आणि तिथली पोरं स्टेशनांवर उभी राहून नंबरांवर खुणा करू लागली. आपल्याकडे अशी पुस्तिका कुठली असायला? घरात सगळे म्हणाले, "बघा, लहानपणापासून गाड्यांचं वेड!" यजमान वही उलटसुलट करत म्हणाले, "अक्षर माझं नाही."

अक्षर माझ्या नणंदेचं होतं. फोन केला तर ताई आधी बराच वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला नवी वही कोण देणार? भावाच्या उरलेल्या पानांवर लिहायचे." पुलावर उभं राहून गाड्या बघायला मुलांना मुभा होती, मुलींना नाही. पण संध्याकाळी पाणी भरायला लाइनीलगतच्या नळावर जावं लागे. रांग लांब, दीड-दोन तास जायचे. हंडा रांगेत ठेवून ताई नंबर टिपायच्या. "कुणी विचारलं तर सांगायचे, गणित करतेय." भुसावळच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणितच शिकवलं! फोटोतल्या एका इंजिनाचा नंबर त्यांच्या वहीत १९७१ च्या मार्चमध्ये तीनदा आहे. त्यावरून फोटोची तारीख ठरत नाही, पण ते इंजिन त्या दिवसांत कर्जतला होतं हे पक्कं होतं. वही आता फोटोंबरोबरच ठेवली आहे, आणि वर ताईंचं नाव घातलं आहे.

६३ नंबरचा फोटो सासऱ्यांच्या निरोपसमारंभाचा. हार, खुर्च्या, साहेब लोक. अगदी कडेला अनवाणी उभा असलेला एक माणूस. घरात कुणालाच ठाऊक नव्हता. मी वर्णन केलं: ठेंगणा, डावा खांदा खाली झुकलेला. सासूबाईंनी क्षणात नाव घेतलं. गार्डची लोखंडी पेटी वर्षानुवर्षं उचलणारा पोर्टर तो. "त्या पेटीनेच खांदा गेला त्याचा. त्याच्या बायकोने माझं दुसरं बाळंतपण काढलं, रात्री दीडला, हे गाडीवर होते तेव्हा." तिचं नावही त्यांनी सांगितलं. फोटोत ती नाही, पण यादीत आहे.

तुमच्याही घरी असा जुडगा असेल तर फार सामग्री लागत नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात नंबर घाला, बॉलपेन नको, शाई पुढे उमटते. चिकटपट्टी, डिंक आणि चिकट पानांचे अल्बम टाळा. पांढरी किनार कापू नका, तिच्या आकारावरूनही काळ कळतो. फोटोची पाठही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का सापडतो. आणि वहीत पाच रकाने आखा: नंबर, काय दिसतं, ठिकाण व काळ, कोणी सांगितलं, खात्री किती. फोटोत दिसतं ते आणि कुणी सांगितलं ते, ही दोन्ही वेगळी ठेवा.

आमची यादी पुरी झाली तेव्हा 'कोणी सांगितलं' या रकान्यात ९७ फोटोंपुढे आई आणि २१ पुढे ताई असं लिहिलेलं होतं. सहा यजमानांनी ओळखले. १९ फोटोंपुढची जागा कोरी आहे, ते ओळखणारं माणूस आता कुणाच्या घरी असेल कोण जाणे. गाड्यांचे फोटो म्हणजे पुरुषांचा विषय असं समजून आपण घरातल्या थोरल्या बाईला विचारतच नाही. त्या मात्र रुळांपासून वीस पावलांवर संसार करत होत्या, आणि कुठली गाडी किती उशिरा आली यावर त्यांची भाकरी तव्यावर पडायची की नाही ते ठरायचं.

तेव्हा स्कॅनर नंतर शोधा. आधी फोटो घेऊन तिच्या शेजारी बसा.