खोक्यातलं ड्रॉइंग (यंत्रांच्या गोष्टी : ९)

आसिमोव्हचे यंत्रमानवांसाठीचे तीन नियम आज घ्यायचे ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण शहाडहून एक पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. पत्र लिहिणारे काका तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. मागचा भाग वाचून त्यांनी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आणली, संपवली आणि विचारलं : ‘यंत्राला स्वतःसारखं दुसरं यंत्र कशाला हवं? आमच्या स्पिनिंग मशीननं जन्मात सुताखेरीज काही काढलं नाही.’

खरंच आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला, काकवीसारखा दाट व्हिस्कोस बारीक भोकांतून आम्लाच्या टाकीत सोडायचा, की त्याचा धागा होतो. मशीनला एवढंच येतं. भाग झिजला तर वर्कशॉपमध्ये लेथवर नवा घडायचा आणि लेथपाशी माणूस उभा असायचा. काका पुढं लिहितात, की बाहेरून आलेलं मशीन खोक्यातलं ड्रॉइंग बघून उभं करायचं. ते कुणी नि का काढलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

हे वाक्य वाचलं आणि कादंबरीची किल्लीच हातात आली. १९८६ सालचं हे पुस्तक. रेल्वेचं आरक्षण संगणकावर होऊ लागल्याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं! कादंबरीत एका प्रयोगासाठी खोल खणताना जमिनीत एक पेटी सापडते. कुठल्याशा लुप्त, पण आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीची. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक संगणकवाला, एक पुरातत्त्ववाला असे तिघे तिचा अर्थ लावतात, आतल्या ज्ञानावर यंत्रं उभी राहतात आणि त्यातूनच वामन हा यंत्रमानव जन्माला येतो. हुशार, आज्ञाधारक, आणि त्याला हवंय ते फक्त आपल्यासारखं दुसरं घडवण्याचं ज्ञान. पुराणातल्या बटूनंही तीनच पावलं मागितली होती. शेवट सांगत नाही. खलनायक मला थोडे फिल्मी वाटतात, पण पेटीचं काय करायचं यावरची शास्त्रज्ञांची घासाघीस अस्सल आहे.

पेटीची कल्पना आली कुठून? माझा एक लाडका तर्क आहे. केंब्रिजमध्ये नारळीकरांचे गुरू होते फ्रेड हॉइल. त्यांनी जॉन एलियटबरोबर १९६१ मध्ये बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली. तिथं दूरच्या दीर्घिकेकडून रेडिओसंदेश येतो, त्यात संगणक बांधायच्या सूचना असतात, आणि माणसं तो बांधतात. गुरूचं ड्रॉइंग आकाशातून आलं, शिष्याचं मातीतून. बांधायची घाई दोन्हीकडे सारखीच.

आता काकांचा प्रश्न. वामनला पोरंबाळं हवीत ती मायेपोटी नव्हेत. यंत्रानं यंत्र घडवण्यात जादू काही नाही, हे जॉन फॉन नॉयमननं १९४०च्या दशकाअखेरीसच मांडलं होतं. सूचना वाचून घडवणारा एक भाग, सूचनांची नक्कल करणारा दुसरा, ती नक्कल नव्या यंत्रात घातली की झालं. सजीव पेशीही अशीच नक्कल करते, पण डीएनएची रचना उलगडली १९५३मध्ये, म्हणजे त्यानंतर. लेथपाशी उभा असलेला माणूस या हिशेबात कुठंच नाही. कुणी रागावत नाही, बंड करत नाही. माणसाची गरज तेवढी संपते.

कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ नाटकात (प्राग, १९२१) नेमकं उलटं घडतं. तिथले रोबो, जे लोखंडाचे नाहीतच, रसायनातून केलेले जीव आहेत, ते माणसं मारून टाकतात. पण त्यांना घडवायची कृती आधीच जळालेली असते. एकाच माणसाला ते जिवंत ठेवतात : बांधकामवाल्या अल्क्विस्टला. का, तर तो त्यांच्यासारखा हातानं काम करतो. मग त्याच्यापुढंच हात जोडतात, कृती शोधून दे म्हणून. त्याला ती येत नसते.

नारळीकरांच्या वामनवर ही पाळी येत नाही, कारण त्याची कृती पेटीत शाबूत आहे. म्हणून मला ‘वामन’ जास्त भीतीदायक वाटते.

पुढच्या आठवड्यात आसिमोव्ह, नक्की. तोवर काकांनी ते तीन नियम एकदा वाचून ठेवावेत. माणसाला इजा करू नये, त्याचं ऐकावं, स्वतःला जपावं, सगळं आहे त्यात. यंत्रानं दुसरं यंत्र घडवावं की नाही, याबद्दल मात्र एक अक्षर नाही.