पुलावर रोषणाई, पुलाखाली अंधार

२०२७च्या सिंहस्थाची तयारी नाशकात सुरू झाली आणि घाट, पूल, चौक उजळून काढायच्या गोष्टी पुन्हा कानावर येऊ लागल्या. नव्या माळा चढण्याआधी गेल्या दहा-बारा वर्षांतल्या रोषणाईचा हिशेब एकदा मांडलेला बरा.

जगातल्या अनेक जुन्या शहरांत काळोखाची जागा म्हणजे रेल्वेपुलाखालचा रस्ता. नाशिकच्या मूळ गावाच्या वाट्याला तो काळोख आला नाही, कारण रेल्वेच गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली. स्टेशनवर उतरलेल्या प्रवाशांना गावात आणायला एके काळी घोड्यांची ट्राम होती. आपल्याकडे तसा काळोख आला तो २०१३मध्ये, मुंबई-आग्रा महामार्गावरचा सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाल्यावर. वरून गाड्या सुसाट निघाल्या आणि खाली खांबांची लांबच लांब रांग उरली.

याच पुलाखालच्या द्वारका चौकात हा काळोख नीट दिसतो. पादचाऱ्यांसाठी इथे भुयारी मार्ग बांधला, पण लोक त्यात उतरलेच नाहीत. आत कोण असेल, पलीकडे नेमके कुठे निघू, हे वरून कळत नसेल तर संध्याकाळी एकटी बाई त्या पायऱ्या उतरेल कशाला? वापर नाही म्हणून मार्ग बंद, आणि बंद म्हणून आणखी ओसाड. त्यापेक्षा ट्रक-रिक्षांच्या मधून हात दाखवत रस्ता ओलांडणं लोकांना सोपं वाटलं. पुलाखाली एखादी हातगाडी बॅटरीवरचा बल्ब लावून उभी असली, की तेवढ्या टापूत माणूस बिनधास्त चालतो. हा धीर नुसत्या उजेडाचा नसतो. तिथे कुणीतरी जागं आहे, हे त्या बल्बवरून कळतं.

महापालिकेत २०१२ ते २०१७ मनसेची सत्ता होती. तिजोरीत खडखडाट असल्यामुळे राज ठाकरे यांनी उद्योगसमूहांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून शहर सजवायचा मार्ग धरला. नदीकाठचा गोदापार्क, बोटॅनिकल गार्डन, उड्डाणपुलाखालचं सुशोभीकरण ही कामं त्यातलीच. सर्वांत देखणा होता तो होळकर पुलावरचा पाण्याचा पडदा. रविवार कारंजा आणि पंचवटी जोडणारा हा ब्रिटिशकालीन पूल, मूळचा व्हिक्टोरिया पूल. त्याच्या कडेवरून गोदावरीत पाणी सोडायचं आणि त्यावर रंगीत दिवे टाकायचे, अशी ती कल्पना. एका साध्या पुलाकडे थांबून बघावं असं नाशिककरांना त्यामुळे वाटलं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण नदीला देखाव्याची पर्वा नसते. २ ऑगस्ट २०१६ला गोदावरीला मोठा पूर आला, पुराची पातळी ज्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती बुडाला, गोदापार्कची दैना झाली. त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि राज्यभरातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला. पूल सजवण्याआधी तो धड आहे का, हे बघायला हवं. नदीकाठच्या दिव्यांचं दुखणं वेगळंच. पुराची रेषा लक्षात न घेता बसवलेली फिटिंग्ज आणि केबल एका पावसाळ्यात गाळात जातात. पाणवेली आणि सांडपाणी असलेल्या नदीचं पाणी पंपाने उचललं, तर जाळ्या आणि नोझल तुंबतात. एलईडी बरीच वर्षं टिकतो खरा, पण त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि कनेक्टर आधी मान टाकतात.

फेब्रुवारी २०१७मध्ये महापालिकेत भाजपची सत्ता आली. आधीच्यांच्या प्रकल्पांच्या देखभालीवरून आरोप-प्रत्यारोप झाले. मार्च २०२२नंतर तर बराच काळ प्रशासकाचं राज्य होतं. पण सगळा दोष राजकारणावर टाकून भागत नाही. उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, शहरातली दिवाबत्ती महापालिकेची, सजावट देणगीदाराची. समई कुणीही भेट देतं. रोज तेल कोण घालणार, हे मात्र त्याच वेळी ठरवावं लागतं. सीएसआरचा पैसा बहुधा उद्घाटनाच्या फितीपर्यंत पुरतो. पुढचं वीजबिल आणि वायरमनचा पगार कुणाच्या नावावर, हे करारात नसेल तर दिवा विझायची तारीख आधीच ठरलेली असते.

दिवे कुठे लावायचे, हा प्रश्नही उरतोच. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराने २०१३मध्येच, म्हणजे आपला उड्डाणपूल खुला झाला त्याच वर्षी, रेल्वेखालच्या एका अंधाऱ्या बोगद्यात बिल फिट्झगिबन्स या कलाकाराकडून रंग बदलणारे एलईडी बसवून घेतले. शहराचा मध्यभाग आणि रुळांपलीकडचं नवं उद्यान यांच्यामध्ये हा बोगदा येत होता. त्यांनी दिवे लावले ते लोकांच्या चालायच्या वाटेवर. आपण मात्र रोषणाई केली ती मुख्यतः बघायच्या जागी.

आता सिंहस्थाच्या निमित्ताने पैसा येईल, तेव्हा क्रम उलटा करायला हवा. आधी द्वारकेचा भुयारी मार्ग आणि उड्डाणपुलाखालच्या ओलांडायच्या जागा घ्याव्यात. तिथे भिंतींवर आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर पडेल असा सलग, डोळ्यांना न टोचणारा उजेड हवा, आणि फेरीवाल्यांना हक्काची जागा. रंग त्यानंतर, स्थानिक चित्रकारांच्या हातून. निविदेत पहिल्या पाच वर्षांची देखभाल आणि बंद दिव्याची तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं नसेल, तर त्या कामाचं उद्घाटन करू नये.