सोळा आण्यांचा हिशेब

कल्याणमधल्या एका पतपेढीचा हिशेब मी पूर्वी संगणकावर बसवून दिला होता. महिनाअखेरीस बेरजेत एखादा पैसा कमी येई. नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या, चूक नव्हती. शेवटी सापडले ते असे : २९ पैसे यंत्रात ०.२९ रुपये म्हणून ठेवले होते. त्याला १०० ने गुणून अपूर्णांक छाटला, की उत्तर २८ येत होते.

याचे कारण यंत्राच्या संख्या मांडण्याच्या पद्धतीत आहे. त्यातल्या विजेच्या खटक्यांना दोनच स्थिती : चालू आणि बंद, म्हणजे १ आणि ०. आपली घरे एकं, दहं, शतं. त्याची एक, दोन, चार, आठ. १३ म्हणजे ८ + ४ + १, म्हणून ११०१. कोणतीही संख्या एक घर डावीकडे सरकवली की दुप्पट होते. २७ ला १३ ने गुणायचे तर यंत्र २७ घेते, दुपटीच्या घरात ० असल्याने ५४ सोडते, मग १०८ आणि २१६ घेऊन बेरीज करते : ३५१. पाढा पाठ लागत नाही. सरकवणे आणि मिळवणे पुरते.

उजवीकडे सरकले की संख्या निम्मी होते. रुपयाच्या उजवीकडची घरे म्हणजे आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा! आमच्या आजीची पावकी, निमकी, पाऊणकी यंत्रात तंतोतंत बसते. आण्याचे चार पैसेही बसतात. बारा पै मात्र नाहीत, कारण तिथे ३ ने भागावे लागते.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. शंभरात ५ हा विभाजक आला. त्यामुळे रुपयाचा साधा दहावा भागही दोनांच्या घरांत संपत नाही : ०.०००११००११... यंत्राला तो कुठेतरी तोडावाच लागतो.

हा तुकडा क्षुल्लक नव्हे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही. २८ सैनिक मेले. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होते. सुमारे १०० तासांत तोडलेले तुकडे साचून ०.३४ सेकंदाचा फरक पडला होता.

पतपेढीत मी रुपयाचा अपूर्णांक काढून टाकला आणि सगळा हिशेब पूर्ण पैशांत ठेवला. पूर्णांक यंत्र चुकवत नाही. पैसा लहान खरा, पण तो कुणा ठेवीदाराचा होता.